दोन्ही खांदी पळणारा बैल

वाकळ, म्हंजे जाड गोधडी, धुवायची तर दोन माणसं लागतात. भिजवायला, बडवायला एक जण पुरतो, पण पिळायला पुरत नाही. भिजलेली वाकळ जिवंत जनावरापेक्षा जड. आम्ही नवराबायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते हेच. हौदापाशी ती लिंबाच्या अंगाला उभी, मी हौदाच्या अंगाला. लग्न झाल्यापासून या जागा ठरलेल्या. तिनं एका बाजूला पीळ द्यायचा, मी उलट्या. त्या दिवशी तिनं असा काही पीळ दिला की माझ्या हातातलं टोक निसटलं आणि वाकळ चिखलात पडली.

"सोडली ना तुमी," ती म्हणाली.

"सोडली न्हाय. निसटली."

"शर्यतीला पंच म्हणून मिरवता. दुसऱ्याच्या हातातला कासरा सुटला की लगीच गाडी बाद. आता सवताला करा की बाद."

पुन्हा धुतली, पुन्हा पिळली, दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता ती भिंतीला टेकली, ती उठलीच नाही. दोरीवरची वाकळ तेव्हा अजून ओली होती.

माणसं जमली, रडणं झालं, तिला नेलं. परत आलो तर दोरी मोकळी. वाकळ कुठं गेली ते कुणी सांगेना, आणि मीही विचारेना. पण माझा संशय सुनेवर होता. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, ओढ्याला टाकतात किंवा कुणाला तरी देऊन टाकतात, अशी आमच्याकडं रीत. भावकीतल्या बाया दहाव्यापर्यंत तेच बोलत होत्या. सून त्यांच्यात बसून मान हलवत होती. ती वाकळ बायकोनं तिच्याच जुन्या लुगड्यांची शिवलेली. पोरगा ट्रकवर, आठवड्यातनं एकदा घरी. घरात मी आणि सून. ती ताट वाढायची, मी जेवायचो, आणि जेवताना तिच्या हाताकडं बघायचो. ह्याच हातानं टाकली असणार, असं मनात धरून बसलो होतो.

तेराव्यानंतर थोड्या दिवसांनी निमगाव केतकीच्या बाजूला एका गावाचं मैदान होतं. मैदान म्हंजे बैलगाड्यांच्या शर्यती. त्या मैदानाच्या कमिटीचा अध्यक्ष घरी आला. चहा घेतला, उसासा टाकला.

"आबा, घरात बसून किती दिवस जीव खाणार? मैदानाला चला. पंच म्हणून बसा. मन रमंल."

मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं मला कळतं. मन रमवायचं असेल तर माणसाला भजनाला बोलवतात. पंचाच्या खुर्चीत कशाला बसवतात? दुःखातला माणूस वाद घालत नाही, समोरचा म्हणेल त्याला मान डोलावतो. ह्याला मान डोलावणारा पंच पाहिजे, हे मी तितंच ताडलं. आणि तरी गेलो. घरात सुनेच्या हाताकडं बघत बसण्यापेक्षा बरं.

ज्यांनी शर्यत बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक गाडीला पळायला आपापला पट्टा आखून दिलेला असतो, त्याला फाटी म्हणतात. हलकी गाडी, दोन बैल, वर एक ड्रायव्हर, त्याच्या हातात दोन कासरे, डावा ओढला की गाडी डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं. फाटी सोडली की गाडी बाद. पण फाटी सोडून दुसऱ्याच्या गाडीवर जाऊन आदळला तर नुसतं बाद करून भागत नाही. ड्रायव्हरनं निष्काळजीपणा केला का, हे पंचानं ठरवायचं. केला म्हटलं की बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतल्या मैदानांत त्याला कुणी गाडीवर चढू देत नाही. मी नवीन पोरांना एक गोष्ट नेहमी बजावतो, कासरा मनगटाला वेढा घालून धरू नका. हातात घट्ट बसतो खरा, पण गाडीवरनं पडलात तर बैल तुम्हाला फरफटत नेतील.

सेमी फायनलला तिसऱ्या फाटीची गाडी पुढं होती. अर्ध्यावर ती उजवीकडं सरकायला लागली. सरकत सरकत चौथ्या फाटीत घुसली, चाकाला चाक अडकलं, आणि चौथीचा एक बैल गुडघ्यावर कोसळला. धुळीत काही दिसेना. माणसं पळाली.

बैल उठला, पण पाय टेकवेना. त्याचा मालक तिसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला गचांडी धरूनच माझ्यापुढं घेऊन आला.

"इचारा ह्याला, झोपला हुता का गाडीवर. लेकरावानी संभाळलेला बैल हाय माझा."

मागनं अध्यक्ष आला. "आबा, समद्यांनी बघितलंय. डावा कासरा सोडला ह्यानं. वरीसभराची बंदी घाला आन मोकळे व्हा. ऊन उतरतंय, फायनल लावायची हाय."

ड्रायव्हर तिशीच्या आतला. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, सुट्टीच्या दिवशी गाड्या हाकतो. डावा हात पोटाशी धरून उभा होता.

"सोडला न्हाय, आबा," तो म्हणाला. "वढून वढून हातातनं निसटला."

हेच शब्द हौदापाशी मी बोललो होतो. पण त्यावर मी भरवसा ठेवला नाही. बायको गेलेल्या माणसाला कुणाच्याही तोंडून घरातलेच शब्द ऐकू येतात. तेवढ्यावर निकाल देत नसतात.

"हात दाखव."

तळहात सोलला होता.

"कंपनीत काय काम करतो?"

"पोती उचलतो."

"मग पोत्यानं सोलला असंल."

"ताजं रगत हाय, आबा."

"ताजं रगत दगडावर हात घासून मी बी काढून दाखवीन."

दोघंतिघं हसले. पोरगा हसला नाही, रागावलाही नाही. तेही मला खटकलं. खरा माणूस एवढं ऐकल्यावर चिडतो. का तो चिडायच्या पलीकडं गेला होता, ते कळेना. त्याला एकच भीती होती, ती तोंडावर दिसत होती. बंदी आली तर गाडी गेली, आणि गाडी हाच त्याचा जीव.

माणसं मोबाईल पुढं करायला लागली. ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये ज्याचं त्याचं खरं. एकात कासरा सुटलेला, एकात ताठ, बाकी सगळ्यांत धूळ. मी मोबाईल बाजूला सारले आणि अध्यक्षाकडं बघत बसलो. कारण ड्रायव्हरपेक्षा तोच मला जास्त घाईला आलेला दिसत होता. ड्रायव्हर ना त्याच्या गावचा, ना त्याच्या वैरातला. मग ही घाई कशाची? तो बोलताना मधून मधून तिसऱ्या गाडीच्या डाव्या बैलापाशी उभ्या असलेल्या एका माणसाकडं बघायचा. तो माणूस अध्यक्षाचाच मेहुणा.

मी गाडीमालकाला विचारलं, "डावा बैल कुणाचा?"

"पाव्हण्यांचा. पैऱ्यानं आणलाय."

पैरा म्हंजे एक बैल माझा, एक तुझा, आजच्या दिवसापुरती जोडी. शर्यतीत हे चालतंच. पण बैलाची खांद ठरलेली असते. कोण उजव्या बाजूला जुंपलेला वाढतो, कोण डाव्या. दोन्ही बाजूंना सारखा पळणारा बैल विरळा, आणि म्हणून त्याला मागणी.

"सकाळी जुंपताना खांद इचारली व्हती का?"

गाडीमालकानं मेहुण्याकडं बोट केलं. "हे म्हणले, दोन्ही खांदी पळतो. माझा बैल उजवा, म्हणून ह्यांचा डावीकडं घेतला."

दोन्ही खांदी पळतो, हे मी जन्मभर ऐकत आलोय. सोयरीक जमवणारे म्हणतात ना, पोरगी समदं करती, तसलं हे. बघायला गेलं की चहा शेजारची करून देते.

"बैल सोडा," मी म्हणालो. "दोन्ही. आन पुन्यांदा जुंपा."

अध्यक्ष मधे आला. "आबा, जनावर दमलंय. आता कशाला?"

"पळवायचं न्हाय. नुसतं जू उचला."

हे जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. सवयीच्या बैलापुढं जू उचलून धरलं की तो आपला चालत येतो आणि आपल्या बाजूला मान घालतो. त्याला कुणी ढकलावं लागत नाही. उजव्याला डावीकडं बोलवा, तो गाडीला वळसा घालून उजवीकडंच येईल. माणूस काय सांगतो त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

दोघांनी जू उचललं. गाडीमालकाचा बैल आला, उजवीकडं उभा राहिला. मग मेहुण्याचा बैल मोकळा सोडला. तो डाव्या अंगानं आला, जुवापाशी थांबला, मान हलवली, आणि गाडीच्या मागनं फिरून उजवीकडं गेला. तिथं आधीच एक बैल उभा होता, तर त्याला खांद्यानं रेटायला लागला. त्याची जागा मागायला लागला.

मग मागनं एक म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, बैलाला सांगायचं राह्यलं वाटतं, दोन्ही खांदी पळायचं म्हणून."

"एखांद्या बारीला हुतं तसं," मेहुणा म्हणाला.

"मग अजून एका बारीला बघू," मी म्हणालो. बैल लांब नेला, पुन्हा आणला. पुन्हा उजवीकडं. तिसऱ्यांदा मेहुण्यानंच त्याची वेसण धरली आणि नको म्हणाला.

गाडी उजवीकडं का सरकली ते आता सांगायची गरज नव्हती. डावीकडं जुंपलेला उजवा बैल सगळा वेळ आपल्या जागेकडं रेटत होता, जोडीदाराला घेऊन. त्याला डावीकडं ठेवायला त्या पोरानं कासरा किती ओढला असेल, ते त्याच्या तळहातावर होतं. आणि दोन्ही खांदी पळतो म्हणून ज्या बैलाचं नाव मैदानामैदानांत घेतात, तो एकाच खांदीचा निघाला तर त्याचं काय मोल राहतं, हे अध्यक्षाला माझ्याआधी कळलं होतं. म्हणून दोष टाकायला त्याला ड्रायव्हर पाहिजे होता.

मी पोराला विचारलं, "तुला कवा कळलं?"

"मानंवर जू आलं तवाच. तिरकाच उभा ऱ्हायला."

"मग तोंड का शिवलं हुतं?"

"बोललो असतो तर खाली उतरवून दुसरा चढवला असता."

गाडीमालक जमिनीकडं बघायला लागला.

मी निकाल दिला. गाडी बाद. ड्रायव्हरला बंदी नाही. हा बैल इथून पुढं उजवीकडंच जुंपायचा, आणि हे आत्ताच्या आत्ता माईकवर सांगायचं. पडलेल्या बैलाचं औषधपाणी गाडीमालक आणि मेहुणा दोघांनी बघायचं. आणि पोराला म्हणालो, "कळत असून गप बसलास, ही चूक तुझीच. फुडच्या वक्ताला बोल, न्हायतर चढू नगंस."

पडलेल्या बैलाचा मालक म्हणाला, "म्हंजी शिक्षा कुणालाच न्हाय. माझा बैल तेवढा लंगडा." तो खोटं बोलत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या पोराबद्दलही माझं मन सगळं साफ नाही. डावा निसटल्यावर आरडाओरडा करून गाडी थांबवता आली असती का? त्यानं थांबवली नाही. घाबरला होता का पहिल्या नंबराची हाव सुटत नव्हती, हे त्याचं त्याला ठाऊक. पंचाला सगळं कळतं असं म्हणणारा पंच खोटा.

निघताना अध्यक्ष म्हणाला, "आबा, एवढ्या आदरानं घरनं आणलं तुमाला. आसं वागाल वाटलं नव्हतं."

"घरीच बसलो हुतो की. तुमीच म्हणला, मन रमंल."

एकाच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी आलो. सुनेनं पाणी दिलं, ताट वाढलं. मी तिच्या हाताकडं बघितलं. परक्या पोराला भर मैदानात दहा प्रश्न विचारून आलो होतो. मुक्या बैलालासुद्धा विचारलं. घरातल्या पोरीला इतक्या दिवसांत एकसुद्धा नाही, आणि मनातल्या मनात तिला कधीच बाद करून ठेवली होती.

सकाळी ती हौदावर भांडी घासत होती. मी जाऊन उभा राहिलो.

"वाकळ कुठं हाय?"

तिनं वर बघितलं नाही. "मागच्या पत्र्याच्या खोलीत. कांद्याच्या पोत्यांमागं."

"टाकली न्हाईस?"

"टाकायची असती तर त्याच दिवशी टाकली असती. माणसांच्या पायात येत हुती म्हणून ओलीच काढली. मग त्या बाया म्हणायला लागल्या, वड्याला टाक. व्हय व्हय म्हणले आन लपवली."

"मला सांगायचं की."

"तुमी बी टाक म्हणला असता तर?" आता तिनं वर बघितलं. "आन तुमी तरी कुठं इचारलं? जेवताना नुसतं हाताकडं बघताय. मला काय दिसत न्हाय व्हय, आबा?"

मी पोती बाजूला सारून वाकळ काढली. कुबट वास मारत होती, एका कोपऱ्याला बुरशी धरली होती. हौदात भिजवली, बडवली. पिळायची वेळ आली तेव्हा मी माझ्या जागेवर उभा होतो, हौदाच्या अंगाला. सून हात पुसत आली आणि दुसरं टोक धरून नुसती थांबली. कुठं उभं राहायचं ते तिला कळेना.

"लिंबाच्या अंगाला," मी म्हणालो.

"पीळ कुणीकडं देऊ?"

"तू दे तुज्या हिशेबानं. मी उलटा देतो."

तिनं पीळ दिला. तिच्या हातात जोर आहे. मी माझं टोक मनगटाला वेढा घालून धरलं.