पाच नंबरचा जोड

चौकातल्या बुटांच्या दुकानाच्या मालकांना सगळे मालकच म्हणायचे. शेजारचे म्हणायचे, गिऱ्हाइकं म्हणायची, आणि रागात असल्या की मालकीणबाईसुद्धा म्हणायच्या. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण दुकान सोडून दुसरं काही दिसत नसे बिचाऱ्याला. रस्त्याने येणाऱ्याचं तोंड बघण्याआधी ते त्याचे पाय बघायचे. एकदा एका लग्नाहून परत आले, तर नवऱ्या मुलाचे बूट टाचेला सैल होते हे घरी आल्या आल्या सांगून मोकळे. नवरी कशी होती विचारलं, तर म्हणाले, "होती की. चांगली होती."

गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, आपण समोर बुटक्या स्टुलावर बसायचं, त्याचा पाय मांडीवर घ्यायचा, बूट चढवायचा आणि अंगठ्याने टोक दाबून आत बोटं कुठे पोचलीत ते बघायचं. हे काम त्यांनी कधी नोकरावर सोडलं नाही. "चालून बघा," ते म्हणायचे. "या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. घाई काय आहे? पाय तुमचा आहे." बूट जरा जरी चावेल असं वाटलं, तरी हातचं गिऱ्हाईक सोडून द्यायचे, पण तो जोड द्यायचे नाहीत. गावभर त्यांचं नाव होतं ते त्यामुळे, आणि ते खोटं नव्हतं.

घरच्यांची गोष्ट मात्र वेगळी. घरात नवा माल वापरायचा नाही, हा मालकांच्या वडिलांपासून चालत आलेला दंडक. जे खपत नाही, ते घरात. आता शोकेसमध्ये जोडातला एकच पाय मांडतात, दुसरा खोक्यात राहतो. काचेतून ऊन येतं. वर्षभरात मांडलेला पाय पांढुरका पडतो आणि खोक्यातला नवाकोरा राहतो. असा जोड कोण विकत घेईल? कोणी नाही. म्हणून तो मालकीणबाईंना. लग्न होऊन आल्यापासून त्या एका पायात फिका आणि एका पायात गडद असं घालून हिंडत होत्या. बायका हसल्या, तर म्हणायच्या, "फॅशन आहे ती. तुम्हाला नाही कळायची." शोकेसमध्ये बायकांचे जोड नेहमी पाच नंबरचे मांडायचे, कारण तो आकार काचेत नेटका दिसतो. म्हणून मालकीणबाईंचा नंबर पाच. त्यात विचारायचं काय?

दुपारी मालक जेवायला गेले की गल्ल्यावर मालकीणबाई बसायच्या. समोरच्या भिंतीवर कुठल्याशा कंपनीने दिलेलं मोठं पोस्टर होतं: नदीवरचा लांबच लांब पूल आणि त्यावरून बूट घालून ऐटीत निघालेली एक बाई.

"अहो, हा पूल खराच आहे का कुठे?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"आहे की. परदेशात आहे."

"जाऊ या का एकदा?"

"जाऊ," मालक म्हणाले. गिऱ्हाइकाला 'पुढच्या आठवड्यात माल येतोय' म्हणतात ना, तसं म्हणाले. मग दर एक-दोन वर्षांनी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. बाईंनी कधी हट्ट धरला नाही. मालकांच्या मात्र मनाला ते लागून राहिलं होतं. आपण हिला कधी काही द्यायचं कबूल केलं असेल तर एवढंच, आणि तेही दिलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी मुलाने मनावर घेतलं. त्याने आणि सुनेने मिळून चौघांची तिकिटं काढली आणि मग घरात सांगितलं. मालकांनी आधी पाय मागे घेतला. दुकान कोण बघणार, ऐन हंगाम आहे, वगैरे वगैरे. पण निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी जे केलं ते बघून नोकरही चाट पडला. मालक उठले, नव्या मालाच्या फळीवरून एक खोका काढला आणि गल्ल्यावर मालकीणबाईंपुढे ठेवला. आत पांढरेशुभ्र, चालायचे बूट.

"तुला. तिकडे पायी फार हिंडावं लागतं म्हणे."

बाईंनी दोन्ही बूट शेजारी शेजारी दिव्याखाली धरले. "अगंबाई, दोन्ही एकाच रंगाचे!" असं म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

ते शहर म्हणजे काय विचारता! मान मोडेपर्यंत वर बघावं अशा इमारती, जमिनीखालून धावणाऱ्या गाड्या, आणि माणसं तर सगळी कुणीतरी मागे लागल्यासारखी पळताहेत. मालक खूश होते. एवढे पाय त्यांनी एका जागी कधी पाहिले नव्हते. संग्रहालयात एका राजाच्या पुतळ्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले, तेव्हा मुलाला वाटलं, बाबांना इतिहासाची गोडी लागली. "याचे दोन्ही बूट उजव्या पायाचे केलेत रे," मालक म्हणाले आणि पुढे सरकले.

मालकीणबाई मात्र मागे मागे राहायला लागल्या. पहिल्या दिवशी नुसत्या मागे. दुसऱ्या दिवशी जिथे बाक दिसेल तिथे बसायला लागल्या. "तुम्ही बघून या. मी आहे इथे."

"बसायला इथे कशाला यायला हवं होतं?" मालक करवादले. "बसायला आपला गल्ला काय वाईट होता?"

बाई नुसत्या हसल्या. सून काहीतरी बोलणार होती, पण सासूने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प बसली.

पूल शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता. रात्री विमान होतं. मालक सकाळी सगळ्यांच्या आधी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मालकीणबाई पलंगावर बसून होत्या.

"तुम्ही तिघं जा," त्या म्हणाल्या. "पूल काय, रोजच बघते की मी भिंतीवर."

मालकांचा पाराच चढला. "इतकी वर्षं पूल, पूल करून डोकं खाल्लंस! आणि आता आणलंय तर तुझं हे? मी काय स्वतःसाठी आलोय इथे?"

"ओरडता कशाला? मला नाही यावंसं वाटत."

"बाबा, आधी आईंचे पाय बघा," सून म्हणाली.

"अगं, गप!"

"नाही बसणार गप. शपथ घातलीत म्हणून दोन दिवस बोलले नाही. बाबा, त्यांना उभं राहवत नाहीये."

 मालकांनी सामानाची बॅग ओढली, तिच्यावर बसले आणि बायकोचा पाय उचलून मांडीवर घेतला. मोजा काढताना बाईंनी ओठ घट्ट मिटले. टाचेची सालं निघाली होती, करंगळीवरचा फोड फुटला होता, अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. मालकांनी बूट उलटा केला आणि तळव्याला तळवा लावून बघितला. पाय पुढून बाहेर, बाजूनेही बाहेर.

"सहा," ते म्हणाले. "सहा, आणि तोही रुंद."

त्यांनी बूट खाली ठेवला.

"कधीपासून घट्ट होतात?"

"हे? इथे आल्यापासून."

"फक्त हे नाही. सगळेच. दुकानातले."

"सवय झाली होती हो."

"अगं, पण सांगायचं नाहीस?"

"सांगून काय? शोकेसमध्ये पाचच असायचे. तुम्ही मोठा कुठून आणणार होतात? आणि हे तर तुम्ही आपणहून दिलेत. पहिल्यांदा. ते लहान होतात म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

 येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय मांडीवर घेणारा माणूस तो. आणि घरचा पाय आज पहिल्यांदा हातात आला होता. लाजेने मालकांना वर बघवेना. मुलगा म्हणाला, "बाबा, जाऊ दे, टॅक्सीने नेऊन पूल लांबून दाखवू." त्यावर ते उठले.

"टॅक्सी कर. पण आधी बुटांच्या दुकानात जायचं."

सुनेने जखमांना औषध लावून पट्ट्या चिकटवल्या. मुलाच्या सपाता सासूच्या पायात घातल्या आणि निघाले. दुकानातली मुलगी पायाचं माप घ्यायची पट्टी घेऊन वाकली, तर मालकांनी ती तिच्या हातातून काढूनच घेतली. "माझ्या बायकोचे पाय आहेत, बाई," ते चक्क मराठीत म्हणाले. तिला काय कळलं देव जाणे, पण ती बाजूला झाली. मालक खाली फरशीवरच बसले. एक जोड चढवला, नको म्हणाले. दुसरा नको. तिसरा टाचेला घासतोय. समोर खोक्यांचा ढीग झाला.

"बरे आहेत हो हे," बाई म्हणाल्या.

"बरे नकोत मला. चालून बघ. त्या टोकापर्यंत."

"अहो, विमान आहे आपलं!"

"विमान गेलं उडत. चालून बघ."

बाई चालल्या. पुन्हा चालल्या. तिसऱ्यांदा मालकांना सांगावं लागलं नाही, त्या आपल्या आपणच आरशापर्यंत जाऊन आल्या. तेव्हा मालक फरशीवरून उठले.

पुलावर पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती. मुलाने घड्याळ बघितलं. "अर्ध्यापर्यंत जाऊ आणि परत फिरू. पलीकडे जाण्याएवढा वेळ नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. वारा सुटला होता, खाली नदीत बोटी जात होत्या, माणसं थांबून फोटो काढत होती. मालक कठड्याच्या बाजूने निघाले. त्यांना वाटलं, ही नेहमीसारखी मागून येत असेल. म्हणून त्यांनी मागे वळून बघितलं, तर मागे सून होती.

मालकीणबाई पुढे निघून गेल्या होत्या. पट्ट्यांखाली दुखत असणारच, पण त्या हात हलवत, लांब लांब टांगा टाकत, फोटोवाल्यांना चुकवत चालल्या होत्या. मधल्या कमानीपाशीसुद्धा थांबल्या नाहीत.

"आई! अर्धा झाला! फिर मागे!" मुलगा ओरडला आणि धावायला लागला. मालकांनी त्याचं मनगट धरलं.

"जाऊ दे तिला. पार पलीकडे जाऊ दे."

"अहो, या की लवकर!" लांबून मालकीणबाईंची हाक आली. "किती सावकाश चालता!"

"आई एवढी भराभर चालते?" मुलाने विचारलं.

 चष्मा काढून मालकांनी डोळे पुसले. लग्न झाल्यापासून ते हिच्या पुढे चालत आले होते, आणि त्यांना वाटत आलं होतं, हिची चालच सावकाश आहे.