आवडाबाईंनी शिकवलेली चाल

बाळकुमला मी ज्यांच्या घरात भाड्याने राहते, त्या आवडाबाई भोईर बहात्तर वर्षांच्या आहेत. लहानपणापासून त्यांनी कोलशेतच्या बाजूला मिठागरात डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. आता स्वतःच्या जमिनीवर चार मजली इमारत आहे, पण टाकी नीट साफ झाली का ते बघायला अजून स्वतः गच्चीवर चढतात.

मी अॅनिमेटर. गेल्या वर्षी आमचा स्टुडिओ एका अद्भुत कादंबरीवर सिनेमा करत होता. त्यात दलदल्या नावाचा प्राणी आहे. म्हशीएवढा, लांब बोटांचा, खाडीकाठच्या दलदलीत, खाजणात राहणारा. शत्रू मागे लागतात तेव्हा तो एका लहान मुलीला पाठीवर घेऊन चिखल पार करतो. तो प्रसंग माझ्याकडे होता आणि दिग्दर्शक अनिमेषने तो तीनदा परत पाठवला.

"संचिता, हा चिखलात नाही, सतरंजीवर पळतोय."

एका दुपारी आवडाबाई सुकट द्यायला आल्या आणि स्क्रीनसमोर थबकल्या.

"यो चिखलान धावतंय?"

"हो आजी."

"मंग रुतंल की! टाच आधी टाकतंय बघ."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्या मला खाडीवर घेऊन गेल्या. नात निशा मागून ओरडत होती, "आजी, पडलीस तर?" आवडाबाईंनी लुगडं वर खोचलं आणि सरळ चिखलात उतरल्या. मी मोबाईलवर शूट करत होते. आधी बोटं टेकायची. पाय काढताना किंचित वळवायचा, मग फटीतून हवा शिरते आणि चिखल पाय सोडतो. मी करून बघायला गेले, तर गुडघ्यापर्यंत आत.

"ओढू नको, वलव!" म्हणत त्यांनीच मला हाताला धरून काढलं.

काठावर पाय धुताना त्या बोलत्या झाल्या. एकदा उधाणाला मिठागराचा बांध फुटला. दोन वर्षांचा मुलगा प्रितम खांद्यावर, मागून पाणी. बरोबरच्या दोघी घाबरून धावल्या आणि रुतून बसल्या. आवडाबाई मात्र एकेक पाऊल वळवत चालत राहिल्या. प्रितमला उंचावर ठेवून परत आल्या आणि त्या दोघींना बाहेर काढलं.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पन पायान नाय उतरू दिली."

मी हे सगळं अनिमेषला सांगितलं. शूटिंग बघून त्याने प्रसंगातलं पळणंच काढून टाकलं. शत्रू जवळ येत राहतात आणि दलदल्या सावकाश चालत राहतो.

ठाण्यातल्या थिएटरमध्ये भोईरांनी अख्खी रांग भरली होती. तो प्रसंग आला तसे पॉपकॉर्न खाणाऱ्या पोरांचे हात थांबले. शेवटच्या नावांत 'दलदल्याची चाल' याच्यासमोर आवडाबाईंचं नाव झळकलं, तेव्हा प्रितमदादाने शिट्टी मारली आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसला. त्यांना स्वतःला ते वाचता आलं नाही. निशाने दोनदा वाचून दाखवलं.

आता स्टुडिओतली मंडळी अडली की आमच्या इमारतीत येतात. गेल्या आठवड्यात साकेत आला होता, खेकडा बिळातून बाहेर येताना आधी काय काढतो ते विचारायला. आवडाबाई त्याला जिन्यात बसवून दोन्ही हातांनी दाखवत होत्या.