दीड डबा काडतुसं

नोकरीतल्या कितीतरी फिर्यादी आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण पावस गावाजवळच्या दगडी गडग्याशी सापडलेल्या काडतुसांच्या त्या सहा रिकाम्या पुंगळ्या मला अजून जशाच्या तशा आठवतात. मी घाटावरचा माणूस. रत्नागिरी जिल्ह्यात बदली होऊन चारच महिने झाले होते. कोकणी माणूस विचारलं तेवढंच सांगतो, हे ऐकून होतो. त्याचा अर्थ या प्रकरणाने शिकवला.

हापूसचा हंगाम ऐन भरात होता. मंगळवारी सकाळी एक बागायतदार ठाण्यात आला. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याची पिकअप गाडी बागेबाहेर उभी होती आणि तिच्या केबिनच्या मागच्या पत्र्याला गोळीने भोक पाडलं होतं. गाडीत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. संशय कोणावर, असं विचारायच्या आत त्याने नाव सांगितलं. शेजारच्या वाडीतल्या, मासेमारी होडी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाचा मुलगा. तो मालवाहू जहाजावर नोकरीला होता आणि सुट्टीवर घरी आलेला. समुद्राकडे जाणारी पायवाट या बागायतदाराने काट्या टाकून अडवली होती, त्यावरून दोघांची पंधरा दिवसांपूर्वी चांगलीच जुंपली होती.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. पायवाटेच्या कडेला, जांभ्या दगडाच्या गडग्याखाली, सहा रिकाम्या पुंगळ्या मिळाल्या. पंचेचाळीस बोअरच्या, पिस्तुलात वापरतात त्या. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला बुडाशी बाहेर आलेली कड असते, पिस्तुलाच्या गोळीला ती नसते. एवढं मला येत होतं आणि एवढ्यावरच मी निघालो. गुन्हा दाखल केला आणि हुकूम सोडला की पिस्तूल शोधा. हद्दीत पिस्तुलाचे परवानाधारक तिघं होते. तिघांचीही हत्यारं तपासली, एकाचाही बोअर जुळेना. बीट हवालदार घरोघर फिरून आला. कोणाकडे पिस्तूल नव्हतं.

तेवढ्यात बंदरावरच्या आमच्या बातमीदाराने खबर दिली, की तांडेलाच्या पोराच्या मोबाइलमध्ये हातात पिस्तूल घेतलेला फोटो आहे. झालं, आमच्या दृष्टीने चोर सापडला. घरझडती घेतली. पिस्तूल मिळालं नाही, फोटो मात्र मिळाला. पोराला समोर बसवलं.

"पिस्तूल कुठे आहे?"

"साहेब, तो फोटो परदेशातल्या बंदरातला आहे. तिकीट काढून दहा गोळ्या मारायला देतात तिथे. आवाज लागू नये म्हणून कानाला लावलेलं बघा ना फोटोत."

"मग जहाजावरून काय आणलंस?"

"आईला शाल आणि बाबांना रेडिओ."

त्याला अटक केली नाही, पण रोज सकाळी दहाला हजेरी लावली आणि त्याचा पासपोर्ट माझ्या टेबलाच्या खणात ठेवला. तसा कागद केला नव्हता, आणि तसा अधिकारही मला नव्हता. येत्या सोमवारी त्याला मुंबईत कंपनीच्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. तो गेला नाही तर जहाज दुसऱ्या खलाशाला घेऊन निघणार, आणि पोलिसांच्या लफड्यात अडकलेल्या माणसाला पुन्हा कोण बोलावणार? हे तो मला रोज सांगायचा. त्याचा बाप बाहेर बाकावर बसून असायचा. एकदाच म्हणाला, "साहेब, माजा पोर भांडखोर हाय, पण खोटारडा नाय."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी आपली गोष्ट थोडी सुधारून सांगतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. हा पोरगा तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगत होता, अडखळला की त्याच जागी अडखळत होता. हे मला दिसत होतं. पण डोक्यात पिस्तूल बसलं होतं, ते काही केल्या निघेना.

शुक्रवारी सकाळी मुख्यालयातून आर्मरर हवालदार ठाण्याच्या रायफलींची वार्षिक तपासणी करायला आला. निवृत्तीला आलेला, कमी बोलणारा माणूस. प्रयोगशाळेला पाठवायचा मुद्देमाल टेबलावर होता. चहा पिता पिता त्याने भिंग मागून घेतलं आणि पुंगळ्या पिशवीतूनच न्याहाळायला लागला.

"साहेब, ह्या कुठे पडल्या होत्या?"

"गडग्याखाली."

"सगळ्या एकाच ठिकाणी?"

"हो, वीतभर जागेत."

"मग हे पिस्तूल नाही."

मी म्हटलं, "अहो, गोळ्या पिस्तुलाच्या आहेत."

"गोळ्या पिस्तुलाच्या आहेत. झाडल्यात रिव्हॉल्व्हरमधून." त्याने कप खाली ठेवला. "पिस्तूल दर गोळीला पुंगळी बाजूला भिरकावतं, त्या अशा ढिगाने पडत नाहीत. पिस्तुलाची नखी पुंगळीच्या खाचेला ओरखडा पाडते, तोही यात नाही. आणि आत बघा, काजळी मधोमध पुसली गेलीय. एकीत तर काडीचं कुसळ अडकलंय."

मग त्याने समजावलं. पिस्तुलाच्या गोळ्या खाणारी थोराड रिव्हॉल्व्हरं असतात. गोळीला कड नसल्यामुळे रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर ढकलल्या जात नाहीत. त्यासाठी गोळ्या पत्र्याच्या एका चकतीत बसवून भरतात. चकती नसेल तर गोळ्या उडतात, पण नंतर एकेक पुंगळी पुढून काडी घालून ढकलावी लागते.

"असलं अडचणीचं हत्यार कोण घेईल?" मी विचारलं.

"तेच शोधा, साहेब. हौशी माणूस घेणार नाही. ज्याच्या घरात पिस्तुलाच्या गोळ्या आधीच पडल्या असतील, तो घेईल."

निवडणुकीच्या वेळी परवानाधारकांची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतात. त्याचं रजिस्टर मी काढलं. या वेळी पिस्तुलांचं पान सोडून रिव्हॉल्व्हरचं पान उघडलं. तिथे एक नोंद होती, बोअर पंचेचाळीस. बागायतदाराच्या बागेला लागूनच घर असलेल्या निवृत्त शिक्षिकेच्या नावाची. यजमान सैन्यातून निवृत्त झालेले, ते वारल्यावर त्यांच्या जागी परवाना बाईंच्या नावाने झालेला. मी बीट हवालदाराला बोलावलं.

"बाईंकडे गेला होतास का?"

"गेलो होतो, साहेब. बॅग घेऊन पडवीत बसल्या होत्या, रत्नागिरीला डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या. मी बेड्यातूनच, फाटकाशी उभ्याउभ्या विचारलं, पिस्तूल आहे का. नाही म्हणाल्या." तो घुटमळला. "मला चौथीपर्यंत त्याच शिकवायला होत्या. जास्त काय विचारणार?"

बाई त्या शुक्रवारी सकाळीच परत आल्या होत्या. मी हवालदाराला घेऊन गेलो तेव्हा काळा चष्मा लावून आरामखुर्चीत बसल्या होत्या.

"बाई, तुमच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे का?"

"आहे की. परवाना दाखवू?"

"गेल्या सोमवारी गोळ्या कोणी झाडल्या?"

"मी झाडल्या, गडग्याशी उभी राहून. केलडी आली होती, लाल तोंडाची माकडं. आंब्याची नुसती नासाडी चाललेली. वरती मारल्या सगळ्या, म्हणजे मला तरी वरतीच वाटलं. डोळ्यांत मोतीबिंदू होता ना तेव्हा."

बाईंनी हवालदाराला आतून ते हत्यार आणायला लावलं. चांगलं जड होतं, माझ्या पंजालाही मोठं. हे कसं काय निवडलंत, असं विचारल्यावर बाई मोकळेपणाने सांगायला लागल्या.

"यजमानांचं पिस्तूल होतं. त्याचा वरचा भाग मागे खेचावा लागतो. माझ्या संधिवाताच्या बोटांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरत नाही, ते काय खेचणार? म्हणून कोल्हापूरला परवान्याच्या हत्यारांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, हे छोटं घ्या, पर्समध्ये मावेल. मी म्हटलं, हलकं हत्यार हिसका जास्त देतं, यजमान सांगायचे. आणि त्याच्या गोळ्याही वेगळ्या. घरात दीड डबा काडतुसं शिल्लक, ती काय दर्यात टाकू? मग त्याने कोपऱ्यातून हे काढलं. म्हणाला, याला तुमच्याच गोळ्या चालतात."

"आणि पत्र्याच्या चकत्या?"

"दोन होत्या. खाऱ्या हवेने गंजल्या, मोडल्या. चिव्याच्या बारीक बांबूची काडी सोलून ठेवलीय, तिने ढकलते. पुंगळ्या उचलायच्या राहिल्या, मला वाकवत नाही."

"बाई, आमचा हवालदार आला होता, तेव्हा का नाही सांगितलंत?"

"त्याने पिस्तूल विचारलं. ते मी कधीच विकलं. गोळ्या कोणी झाडल्या असं विचारलं असतं तर चहा देऊन सांगितलं असतं. झालंय काय पण?"

मी गाडीच्या पत्र्याचं सांगितलं, मग तांडेलाच्या पोराचं. बाईंचा चेहरा उतरला. "त्या पोराला इतके दिवस माझ्यापायी बसवून ठेवलंत?" त्या म्हणाल्या. "मग इथे काय बसलाय? चला ठाण्यात, आधी माझा जबाब घ्या." हत्यार जाणार, खटला होणार, हे मी स्पष्ट सांगितलं. त्यांनी चपला घातल्या.

निष्काळजीपणाचा गुन्हा बाईंवर लागला. प्रयोगशाळेचा अहवाल पुढे यायचा तो आला, बाईंनी कोर्टात सगळं कबूल केलं आणि परवाना आपण होऊन परत केला. उरलेली काडतुसं जमा करताना मात्र त्यांनी मोजून पावती घेतली.

शनिवारी सकाळी बापलेकाला आत बोलावलं. सगळे कर्मचारी हजर असताना पासपोर्ट पोराच्या हातात दिला आणि म्हणालो, "चूक माझी झाली." वर्दीत असताना हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं. पोरगा हसला. त्याला दुसऱ्या दिवशीची गाडी पकडायची होती, मनाने तो अर्धा जहाजावर पोचलाच होता. तांडेल मात्र उठेना.

"चाचा, अजून काही?"

"साहेब, हे चार भिंतीत बोललात. वाडीत कोणी ऐकलं? झडतीला आलात ते समद्यांनी बघितलं. तवापासून ह्याची आई मागच्या दाराने विहिरीवर जाते. पोर उद्या जाईल, आम्हांला तिथंच ऱ्हायचंय. दुपारी जेवायला या. वर्दीत या, आणि पुढच्या पडवीत बसा."

गुन्हा उघडकीस आला की तपास संपला, असं आम्हाला शिकवलेलं असतं. ज्याच्यावर उगाच संशय घेतला त्याचं नाव धुऊन देण्याचा रकाना कुठल्याच फॉर्मात नसतो. तो रकाना मी त्या दिवसापासून मनाने आखून घेतला, आणि पुढच्या नोकरीत दोनतीनदा भरलाही. चुकीचा प्रश्न विचारला तर खरं उत्तरही माणसाला गोत्यात आणतं, हे दुसरं शिकलो. ते पहिल्यापेक्षा सोपं होतं.

भर दुपारी, टोपीसकट पूर्ण वर्दीत, मी तांडेलाच्या पडवीत जेवायला बसलो. तांदळाच्या भाकऱ्या आणि सरंग्याचं कालवण होतं. घाटावरच्या माणसाला काटे काढता येत नाहीत म्हणून पोराने काढून दिले. वाटेवरून माणसं जात होती, थबकत होती, तांडेल प्रत्येकाला हात करत होता. दुसरी भाकरी संपत आली तेव्हा पोराची आई डोक्यावरचा पदर सारखा करत पुढच्या दारात आली. कळशी घेऊन जाणाऱ्या शेजारणीला तिने हाक मारली.

"थांब गो जरा. साहेब जेवतायत. तू पण ये."