मामांच्या कम्प्युटरमधल्या कुकीज

मामांच्या घरी झोपताना कुठल्याच खोलीला आतून कडी लावत नाहीत. भूकंपात त्यांच्या गावातल्या घराची चौकट दबली आणि कडी लावलेलं दार उघडेना. शेजाऱ्यांनी खिडकीचे गज वाकवून मामांना आणि माझ्या आईला बाहेर ओढलं. आता मामा लातूरला कॉलनीतल्या पक्क्या घरात राहतात, तरी दारं नुसती लोटलेली असतात. नांदेडला मला माझी खोली होती आणि तिला कडी होती. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून पप्पांनी मला रिपीटर बॅचसाठी लातूरला आणून सोडलं, तेव्हा मला घरच्या माणसांइतकीच त्या कडीची आठवण यायची.

मी आणि माझी मामेबहीण एका खोलीत राहायचो. ती बारावीला होती. ती सगळं बोलून टाकायची, मी काहीच बोलायचे नाही, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

कम्प्युटर हॉलमध्ये होता. मामा औशाच्या एका शाळेत शिक्षक. फॉर्म भरायचे दिवस आले की गावाकडून, जळकोटकडून नात्यातली पोरं कागदपत्रांच्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन यायची. मामा टाइप करायचे आणि मी शेजारी बसून इंग्रजी वाचून सांगायचे. कुठलीही साइट उघडली की खाली एक पट्टी वर यायची: आम्ही कुकीज वापरतो, तुम्हाला मान्य आहे का.

"हे काय विचारतंय गं?" मामांनी पहिल्यांदा विचारलं.

मी ती पट्टी आजवर कधीच वाचली नव्हती. पण चार पोरं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "काही नाही मामा. हो म्हणायचं."

"बघा, इंग्लिश मिडीयमचा हा फायदा," मामा पोरांना म्हणाले. त्यानंतर ती पट्टी दिसली की वाचायच्या आधीच ते 'हो'वर क्लिक करायचे.

दुपारी मामा शाळेत, मामी शेजारी आणि बहीण क्लासला असायची. माझी बॅच सकाळची. त्या दोन तासांत मी डिझाईनची कॉलेजं बघायचे. बायॉलॉजीत मला फक्त आकृत्या आवडायच्या. हृदयाचे कप्पे मी इतके सावकाश काढायचे की बाकीचं उत्तर राहूनच जायचं. पुण्यातलं एक कॉलेज होतं, तिथल्या मुली खुर्च्या, दिवे, पिशव्या तयार करायच्या. मी त्यांचे फोटो बघायचे, मुलींच्या होस्टेलची माहिती वाचायचे, आणि उठताना ब्राउझरची हिस्टरी पुसून टाकायचे. रोज, न चुकता. हिस्टरी पुसली की मागे काही उरत नाही असं मला वाटत होतं.

एका गुरुवारी सकाळी मामा कम्प्युटरवर बातम्या वाचत होते. बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढल्याची बातमी होती आणि तिच्या शेजारी मोठी जाहिरात: डिझाईन शिका, मुलींसाठी पुण्यात सुरक्षित होस्टेल. त्यांनी दुसरी बातमी उघडली, तिथंही तेच. पंचांगाची साइट उघडली, तर तिथंही.

मामांनी बहिणीला हाक मारली. ती उत्तम मेंदी काढायची, आणि दिवाळीत एकदा म्हणाली होती की मला पुण्याला जायचंय. तेवढं पुरेसं होतं.

"हे काय आहे?"

"मला काय माहीत? जाहिरात आहे."

"मी काय येडा हाय का? जे शोधतात त्याचीच जाहिरात येते, शाळेतल्या सरांनी सांगितलंय मला."

"मग तुम्हीच शोधलं असंल."

मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "हाव, तुझ्या बापालाच जायचंय होस्टेलात, मेंदी लावून."

मला हसू आलं. मी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मी शहाणी होते, मी बोलत नव्हते. मामांनी बहिणीचा मोबाईल घेतला आणि सांगितलं की रविवारी तिला क्लासच्या होस्टेलवर नेऊन सोडायचं, परीक्षा होईपर्यंत. तिथं मोबाईल जमा करून घेतात आणि महिन्यातून एकदाच घरी सोडतात. होस्टेलच्या नावानंच तिचा चेहरा उतरला. मागच्या वर्षी तिची मैत्रीण तिथून रडतच परत आली होती.

मला कळत नव्हतं की कम्प्युटरला कळलं कसं. मी तर सगळं पुसलं होतं. आणि पंचांगाच्या साइटला पुण्याच्या कॉलेजशी काय देणंघेणं?

शुक्रवारी दुपारी मी ब्राउझरच्या सेटिंग्ज उघडल्या. प्रायव्हसी नावाचं पान होतं. तिथं हिस्टरी वेगळी आणि कुकीज वेगळ्या. म्हणजे मी रोज कुठं गेले त्याची यादी पुसत होते, पण त्या त्या साइटनं माझ्यासाठी ठेवलेली खूणचिठ्ठी याच कम्प्युटरमध्ये तशीच पडून होती. मग त्या पट्टीवरचा मजकूर मी पहिल्यांदा सगळा वाचला. दोनदा वाचला. आम्ही तुमचं नाव साठवत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, पण तुम्हाला काय आवडतं ते आमच्या भागीदारांना सांगतो. नाव माहीत नाही आणि आवड माहीत आहे, हे मला समजेना. माझ्या बाबतीत घरच्यांचं बरोबर उलटं होतं.

मी त्या कॉलेजचं नाव शोधून फक्त त्यांच्या कुकीज काढल्या. बातम्यांचं पान पुन्हा उघडलं, तर जाहिरात तिथंच. ती चिठ्ठी कॉलेजनं ठेवलेली नसणार, कुठल्यातरी जाहिरातवाल्यानं ठेवलेली असणार. यादीत अशी कितीतरी नावं होती आणि मला त्यातलं एकही ओळखता येत नव्हतं. कुठलं ठेवायचं, कुठलं काढायचं? शेवटी मी सगळ्या कुकीज काढण्याचं बटण दाबलं.

जाहिरात गेली. तिच्या जागी तणनाशकाची आली. मला हायसं वाटलं, पण संध्याकाळपर्यंतच.

मामा घरी आले, कम्प्युटरसमोर बसले आणि म्हणाले, "हे सगळं बंद कसं काय पडलं?" मेल, शाळेचं पोर्टल, वीजबिल, सगळीकडे पासवर्ड मागत होतं. आजवर सगळं उघडंच असायचं, त्यामुळे मामांना एकही पासवर्ड आठवत नव्हता. त्यांनी बातम्यांचं पान उघडलं, तणनाशकाकडे थोडा वेळ बघितलं आणि बहिणीला हाक मारली.

"आता पुरावा पण पुसलास."

"मी हात पण लावला न्हाई, पप्पा."

"मग काय तुझी आई करती का हे?"



शनिवारीही मी गप्प होते. मी स्वतःला समजावत होते की होस्टेलवर तिचा अभ्यास तरी नीट होईल. असं मी खरंच मनात म्हटलं होतं, आणि ते आठवलं की अजून लाज वाटते. मी बोलले असते तर नांदेडला माझ्या पप्पांना कळलं असतं, आणि पप्पांनी सगळ्या नातेवाइकांना मी डॉक्टर होणार म्हणून सांगून ठेवलं होतं.

रविवारी तिची बॅग हॉलमध्ये आली. मामी डब्यात चटणी भरत होती. बहीण चप्पल घालता घालता एवढंच म्हणाली, "मी खरंच न्हाई केलं, मम्मी." आरडाओरडा नाही, काही नाही. नेहमी इतकं बोलणारी ती एका वाक्यात संपली.

मी म्हणाले, "मामा, ती जाहिरात तिच्यामुळे आलेली नाही."

"तुला काय माहीत?"

मग मला सगळं समजावून सांगावं लागलं, आणि माझ्याकडे मराठी शब्दच नव्हते. मी म्हणाले, साइट आपल्या कम्प्युटरमध्ये एक चिठ्ठी ठेवते. चिठ्ठीवर नाव नसतं, नंबर असतो. तो नंबर बघून दुसरी साइट जाहिरात दाखवते. नंबर माणसाचा नसतो, या ब्राउझरचा असतो, त्यामुळे इथं कुणीही काहीही बघितलं तरी जाहिरात सगळ्यांनाच दिसते. तुम्ही जे लॉगिन करून ठेवलं होतं त्याचीही अशीच चिठ्ठी होती, म्हणून सगळं पुसल्यावर तेही गेलं.

"ही चिठ्ठी ठेवायला सांगितलं कुणी?"

"आपणच. हो म्हणून."

मामा खुर्चीवर बसले. "बरं. नंबर माणसाचा नसतो. पण बघितलं तर माणसानंच असंल ना?"

"हो."

"मग कुणी?"

इथं येऊन थांबणार हे मला बोलायला लागल्यापासून माहीत होतं.

"मी," मी म्हणाले. "रोज बघते. पुसलं पण मीच."

मामीनं डब्याचं झाकण लावलं.  मग त्यांनी बहिणीचा मोबाईल शर्टाच्या खिशातून काढून तिच्यासमोर धरला आणि मला म्हणाले, "दाजींना मी आपण होऊन सांगणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. काय ते तू ठरव."

बहिणीनं बॅग आत नेली. मी मागोमाग गेले आणि तिचे कपडे काढून घड्या घालून कपाटात ठेवू लागले. तिनं माझ्या हातातला ड्रेस घेतला, घडी मोडली आणि पुन्हा स्वतः घातली.

"तीन दिवस," ती म्हणाली.

 तिनं दुसरा ड्रेस उचलला.

"तीन दिवस नुसती बघत बसली होतीस तू."