देवाच्या खांद्यावरचं फूल

मी सरपंच झालो तो माझ्या गुणांमुळे नव्हे. परंड्याकडच्या आमच्या गावात पाटलांचं आणि त्यांच्या चुलतभावांचं पटत नव्हतं, आणि हा मास्तराचा पोरगा कुणाचंच वाकडं करणार नाही अशी दोन्हीकडच्यांची खात्री होती. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, ग्रामपंचायत नवी होती. चार लोकांसमोर उभं राहिलं की माझे गुडघे लटपटायचे. धोतरामुळे ते कुणाला दिसत नव्हतं, एवढंच.

यावर मी एक तोड काढली. अवघड मामला आला की म्हणायचं, "भैरोबाला कौल लावू." मी गाऱ्हाणं घालायचं, कुठलं फूल कशासाठी ते सांगायचं. गुरव दोन फुलं पाण्यात बुडवून देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायचा. जे आधी गळेल तो निकाल. शाळेची खोली कुठं, चावडीचं दार कुणीकडं, सगळं मी असंच उरकलं. सरपंच देवभोळा आहे असं गाव म्हणायचं, आणि मला ते सोयीचं होतं.

मग विहिरीचा प्रश्न आला. सरकारातून एकच विहीर मंजूर झाली होती. पाटलांना ती वरच्या गल्लीत हवी होती, जिथं आधीच दोन आड होते. वेशीबाहेरच्या खालच्या वस्तीला एकही नव्हता. तिथल्या बाया आमच्या आडापासून लांब घागरी मांडून, कुणीतरी पाणी वाढेल म्हणून उन्हात बसून राहायच्या. त्यांना दोराला हात लावू देत नसत. विहीर खाली व्हायला हवी हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी पाटलांसमोर कौल लावला. उजवं फूल गळलं, म्हणजे विहीर वर.

तेव्हा माझ्या डोक्यात शक शिरला. मागचे कौल आठवले. प्रत्येक वेळी पाटलांच्याच मनासारखं झालं होतं. गुरवाच्या अंगात नवी बंडी दिसली, ती कुणी दिली? त्याच्या दारात पाटलांची बैलगाडी उभी होती, ती कशाला? दोघं हसून बोलले तर मला वाटायचं, ठरलंय. बोलले नाहीत तर वाटायचं, जरा जास्तच ठरलंय. शेवटी काहीतरी निमित्त काढून मी पुन्हा कौल मागितला. या खेपेला फुलं माझ्या परसातली, पाणी माझ्या तांब्यातलं. गाऱ्हाणं संपल्यावर मी डोळ्यांत तेल घालून गुरवाच्या हातांकडे पाहत राहिलो. पुन्हा उजवंच गळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात कुणी नाही असं पाहून मी गुरवाला गाठलं. "पाटलांनी तुम्हाला काय दिलं?" मी विचारलं.

म्हातारा रागावला नाही. "काय बी न्हाय. ज्या फुलाला पाणी कमी, ते आधी गळतं. मागणाऱ्याच्या मनात काय हाय ते बघायचं, अन् तसं पाणी लावायचं. आमच्या बापानं हेच शिकवलं."

"माझ्या मनात तर खालची विहीर होती."

"व्हय? मग वरची म्हणताना पाटलाकडं बघून हासला कशाला? खालची म्हणताना तुमच्या तोंडातनं शबुद फुटंना. म्या म्हनलं, ह्यास्नी ती नकोच हाय."

काखेत कळसा अन् गावाला वळसा, अशी माझी गत झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटलांनी काहीच केलं नव्हतं. त्यांना काही करायची गरजच पडली नव्हती.

पुढच्या गावसभेला मी चावडीच्या ओट्यावर उभा राहिलो. समोर पाटील आणि वरच्या गल्लीतली मंडळी. खालच्या वस्तीतले लोक नेहमीसारखे लांब, लिंबाखाली. मी म्हणालो, "मला भीती वाटते. पाटलांची वाटते, तुम्हा सगळ्यांची वाटते. म्हणून आजवर मी देवाला पुढं केलं. विहीर खालच्या वस्तीत होईल. हा निकाल माझा आहे."

पाटील शांतपणे म्हणाले, "अन् पानी लागलं न्हाय तर?"

"तर मला धरा." माझा आवाज चिरकला. कुणी हसलं नाही, आणि त्याचाही मला संशय आला.

तेवढ्यात लिंबाखालून एक म्हातारी म्हणाली, "सरपंच, जरा मोठ्यानं बोला. हितवर काय बी ऐकू येईना."

तिच्या पाण्याचा निकाल मी पाटलांकडे तोंड करून सांगत होतो. मी ओटा उतरलो, लिंबाखाली जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. मागून पाटलांचा आवाज आला, "काय म्हनतोय त्यो?" चावडीतल्या मंडळींना उठून तिथवर यावं लागलं.