वनिताचा बिनटोकाचा शंकू

वनिताने माझ्या फळ्यावर काढलेला पहिला शंकू मी एका फटक्यात पुसून टाकला. त्याला टोकच नव्हतं. वर सपाट कापल्यासारखं आणि मध्ये एक भोक.

"हे काय? बादली उलटी घातलीस का?" मी खेकसले. निजामपुऱ्यात, या यंत्रमागांच्या वस्तीत, मी इतकी वर्षं शिकवण्या घेते, पण स्वभाव काही निवला नाही.

"बाई, तुमीच बोललात ना, सुताच्या कोनावानी असतो म्हणून? कोन असाच असतो. टोक बंद केलं तर खुंटीवर बसंल कसा?"

गिरणीतून सूत ज्या पुठ्ठ्याच्या पोकळ, निमुळत्या नळीवर गुंडाळून येतं, तो हा कोन. लूमवाल्यांची पोरंही माझ्याकडे असाच मुंडकं उडवलेला शंकू काढतात, आणि दरवर्षी मी नव्याने कपाळाला हात लावते. वनिता तर पोर नव्हती, चाळिशीला टेकलेली बाई होती. माहेर वज्रेश्वरीकडचं, नववीतून शाळा सुटलेली, लग्न होऊन आली ती थेट कांडी मशीनवर. कोनावरचं सूत मागाच्या धोट्यात बसणाऱ्या छोट्या कांडीवर भरायचं, दिवसभर, उभ्याने. सुताचं तूस नाकातोंडात जाऊन तिला खोकला जडला होता. डॉक्टर म्हणाले, लूम सोडा. सोडून खायचं काय, ते काही डॉक्टर सांगत नाहीत.

घराजवळच्या एका शाळेत मदतनीस बाईची जागा निघाली होती. अट एकच, दहावी पास. शाळेच्या मोठ्या बाईंनी शब्द दिला होता, जूनपर्यंत थांबू. वनिता बाहेरून परीक्षेला बसत होती. बाकीचे विषय सुटले होते, गणित तेवढं मानगुटीवर बसलं होतं.

ड्युटी संपली की ती थेट माझ्याकडे यायची, केसांत कापसाचे धागे तसेच. मी सूत्र सांगायची, ती मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं कोरं. शेवटी वैतागून मी तांदळाचा डबा काढला. डब्याच्या तोंडाएवढा आणि डब्याएवढाच उंच असा जाड कागदाचा शंकू वळला, टोकासकट, आणि तिला म्हटलं, "भर आणि ओत."

एकदा ओतला, दोनदा ओतला. तिसऱ्यांदा ओतल्यावर डबा काठोकाठ भरला.

"म्हणजे शंकूत डब्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच मावतं," मी म्हटलं. "पायाचं क्षेत्रफळ गुणिले उंची, भागिले तीन. चौकोनी पायाचा पिरॅमिड असला तरी हेच."

तिने रिकामा शंकू डब्याशेजारी धरून बघितला. "पाया तेवढाच, उंची पण तेवढीच. मग बाकीचं दोन हिस्सं कुनी नेलं?"

"कुणी नेले नाहीत. ते त्याच्यात कधी नव्हतेच."

"आमच्यावानीच हाय मंग त्याचं," ती म्हणाली आणि खोकत खोकत हसली. मला हसू आलं नाही. पण त्या दिवसापासून तिचं घनफळ कधी चुकलं नाही. मी आकडे बदलून बघितले, त्रिज्येऐवजी व्यास दिला, ती फसली नाही. बीजगणितात तिला कसेबसे मार्क मिळणार होते, सगळी भिस्त भूमितीवर होती. या खेपेला बाई सुटली असं मला अगदी मनापासून वाटलं.

भूमितीच्या पेपरच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. सगळी मुलं बाहेर आली. वनिता सगळ्यात शेवटी आली. गालावर बाकाच्या फळीचा वळ उमटला होता.

"शंकू आला होता?"

"आला होता, बाई. शेवटच्या पानावर. चार मार्काला."

"मग? सोडवलास ना?"

"तिथवर पोचलेच न्हाय. झोप लागली."

परीक्षेसाठी रजा मागितली तेव्हा मुकादम म्हणाला होता, "छुट्टी चाहिए तो एक शिफ्ट एक्स्ट्रा मारो." म्हणून आदल्या दिवशी दिवसपाळी उरकून ती रातपाळीलाही उभी राहिली होती. सकाळी नुसतं तोंड धुऊन परीक्षेला आली. बाकावर बसली, डोक्यावर पंखा गरगरत होता, लूमची खडखड नव्हती. पहिले दोन प्रश्न लिहिले आणि डोकं टेकलं. पर्यवेक्षक बाईंनी हलवलं तेव्हा त्या पेपर गोळा करत होत्या.

मला संताप आला. तिचा, मुकादमाचा, त्या पर्यवेक्षक बाईचा, सगळ्यांचाच. भर रस्त्यात ओरडावंसं वाटलं. पण मग तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतकी ताजीतवानी मी तिला कधी पाहिली नव्हती.

निकाल लागला, गणित राहिलं. शाळेतली जागा दुसऱ्या बाईला गेली, आणि वनिता अजून कांडीवरच आहे. परवा संध्याकाळी ती परत आली आणि दारातच टेकली. जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसायचं म्हणाली. मी खडू घेतला आणि घनफळापासून सुरुवात करू म्हटलं.

"ते येतंय मला, बाई," वनिता म्हणाली. "दोन तास बसून जागं कसं ऱ्हायाचं, तेवढं शिकवा."