बोटिलाकाकूंचं राहिलेलं मत

पहिलं महायुद्ध संपलं आणि आमचा सरहद्दीवरचा श्लेसविग प्रांत डेन्मार्कचा की जर्मनीचा, हे लोकांची मतं घेऊन ठरवायचं ठरलं. मोजली तर दोन्हीकडे सारखीच! मोजणाऱ्या साहेबांनी पुन्हा मोजली, पुन्हा सारखीच. मग कळलं, आमच्या मोल्बी गावातल्या बोटिलाकाकू मत द्यायला गेल्याच नव्हत्या. त्यांचे केक भट्टीत होते.

"जळू देऊ? वेड लागलंय का मला?" काकू म्हणाल्या.

आमच्याकडे कॉफीला पाहुणा आला की सात मऊ आणि सात कडक केक मांडायचे, आणि सगळे चाखल्याशिवाय पाहुण्याने उठायचं नाही. त्यामुळे गावाला काकूंचं म्हणणं पटलं. साहेबांना कुठलं पटायला!

झालं, अख्खा मुलूख एका बाईच्या मतावर अडकला. दोन्ही सरकारं हात धुऊन मागे लागली. डेन्मार्कने काकूंच्या दारापर्यंत रस्ता बांधला. जर्मनीने त्याच दारापर्यंत दुसरा बांधला, पहिल्याला खेटून, आणि त्यात माझं कुरण गेलं. दोन्हीकडचे साहेब यायचे, केक हाणायचे, पोटावर हात फिरवत निघायचे. विचारायचं ते राहूनच जायचं.

शेवटी काकूच म्हणाल्या, "रस्ते तुमचे तुम्हाला. माझा एकुलता एक निस आणून द्या. जो आणील त्याला मत."

निस त्यांचा मुलगा. मुलूख तेव्हा जर्मनीकडे, म्हणून जर्मन गणवेशात लढायला गेला तो रशियात हरवला.

वसंतात डेन्मार्कने निस आणला. त्याच आठवड्यात जर्मनीनेही आणला. एक तांबड्या केसांचा, दुसरा लंगडा. दोघंही कैद्यांच्या छावणीतून उचललेले, आणि दोघांनाही स्वतःचं नाव आठवत नव्हतं. निस म्हटलं की दोघंही ओ देत.

काकूंनी कॉफी मांडली. आधी पाव, मग मऊ केक, शेवटी कडक, ही रीत आमची तान्ही पोरंही पाळतात. हे दोघं थेट कडक केकांवर तुटून पडले.

"काकू, हा निस नाही," मी पुटपुटलो. "तोही नाही."

"मला शिकवतोस? जन्म कुणी दिलाय त्याला?"

डॅनिश साहेब खाकरले. "बाई, जो तुमचा नसेल तो सांगा. त्याला परत छावणीत धाडू."

लंगड्याचा घास तोंडाशीच थांबला. तांबड्याने गुपचूप दोन केक खिशात टाकले.

काकूंनी दोघांच्याही बशीत आणखी एकेक केक ठेवला.

"दोघंही माझेच," त्या म्हणाल्या. "जुळे आहेत."

"अहो, पण तुम्हीच म्हणालात ना, एकुलता एक?" जर्मन साहेब ओरडले.

"बाळंत कोण झालं होतं? तुम्ही?"

"बरं, जुळे तर जुळे. मग मत कुणाला?"

काकूंनी पोरांच्या कपात कॉफी ओतली. मग रिकाम्या खुर्चीपुढे आणखी एक कप मांडला.

"तिसरा अजून यायचाय," त्या म्हणाल्या. "तो आला की देते."